पीटर सिनॉटची होडी

“छे रे, मी काय केलं त्यात? काहीसुद्धा नाही. ती किटली सरकव इकडे.”

हा माझ्या वडिलांचा आवाज. भिजलेल्या दोरासारखा जड, आणि ओल्या दोराची गाठ जशी सुटत नाही तसाच हट्टी. एकसष्ट सालच्या मार्चमधल्या त्या सकाळबद्दल कुणीही विचारलं की ते एवढंच म्हणायचे आणि किटलीकडे हात करायचे. आता आमच्या डनकॅरन बंदरात एक रीत आहे. जो म्हणतो ‘मी केलं’, त्याच्याकडे लोक पाठ करतात. जो म्हणतो ‘मी काहीच केलं नाही’, त्याने नक्कीच काहीतरी अचाट केलेलं असतं. माझ्या चुलत्याला हर्लिंगचं पदक मिळालं तेव्हा तो म्हणाला, “मी नुसता उभा होतो, चेंडू येऊन काठीला लागला.” त्याच रात्री गावाने त्याला खांद्यावर घेतलं. तेव्हा माझे वडील चाळीस वर्षं ‘काहीसुद्धा नाही’ म्हणत राहिले, म्हणजे ते केवढे मोठे असतील याचा हिशोब गावाने आपापल्या परीने केला होता.

ती सकाळ अशी. धुकं इतकं दाट, की स्वतःचा चहा स्वतःला दिसेना. कांदे भरलेलं एक डच जहाज बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतलं आणि कलंडलं. तीन खलाशी डोलकाठीला मिठी मारून ओरडत होते. धक्क्यावर सगळं गाव जमलं, आणि गाव जमल्यावर जे होतं तेच झालं: कुणी काय करावं यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात धुक्यातून पीटर सिनॉटची, म्हणजे माझ्या वडिलांची, होडी आली. ‘सेंट इबर’. चपट्या बुडाची, दोन्ही टोकांना निमुळती. पिवळा रेनकोट, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी. तिघांना धक्क्यावर उतरवलं, होडी वळवली आणि एक शब्द न बोलता धुक्यात परत. तिघांतला एक जण फादरना फार तळमळीने काहीतरी सांगत होता. डच भाषा कुणाला येणार? फादरनी ती पापांची कबुली समजून त्याला क्षमा करून टाकली. तो बहुधा प्रॉटेस्टंट होता, पण क्षमा काही वाया जात नाही.

मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो आणि छत्तीस वर्षं, सागरी प्रवाह शिकवायच्या निमित्ताने, प्रत्येक वर्गाला ही गोष्ट सांगितली. स्वतः मी कधी होडीत बसलो नाही. बादलीतलं पाणी हललं तरी मला मळमळतं. पण माणसाला स्वतःचा पराक्रम नसला की वडिलांचा लागतो. निवृत्त झाल्यावर माझी एकच इच्छा उरली: आमच्या सागरी इतिहासाच्या संग्रहालयात वडिलांच्या नावाची एक पाटी लागावी. मी सहासष्टचा, अविवाहित, संग्रहालयाचा चिटणीस. यापेक्षा मोठी इच्छा मला परवडलीही नसती.

संग्रहालय म्हणजे प्रॉटेस्टंटांचं जुनं, ओस पडलेलं चर्च. आत अकरा नांगर, एक पेंढा भरलेला समुद्रपक्षी, बाटलीतलं जहाज आणि एका कप्तानाचं रात्रीचं लघवीचं भांडं. येणारे बहुतेक जण स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला येतात आणि ते भांडं बघून हसतात.

तर यंदा जिल्हा परिषदेचं पत्र आलं की जूनमध्ये ‘आयरिश वारसा दिन’ साजरा करणाऱ्या संग्रहालयाला पितळी पाटी मिळेल, मजकूर आपला. आयर्लंडमध्ये, आयरिश लोकांनी, आयरिश वारसा साजरा करायचा! माशांनी पाणी-दिन पाळावा तसं. पण पाटी म्हटल्यावर मी वाद घातला नाही. अर्ज चौदा पानांचा. सहाव्या पानावर प्रश्न: ‘कार्यक्रमात जिवंत वारसा कोणता?’

आमच्या अध्यक्षा कन्सेप्टा रोश, ज्यांचं चौकात औषधांचं दुकान आहे, म्हणाल्या, “मास्तर, माझी सासू लिहा.”

“कन्सेप्टाबाई, गंभीरपणे घ्या.”

“गंभीरच आहे. शहाण्णव वर्षं झाली, हलत नाही.”

मी लिहिलं: ‘सेंट इबर ही ऐतिहासिक होडी.’

ऐतिहासिक होडी त्या वेळी आमच्या परसात, पालथी, आईच्या कोंबड्यांचं खुराडं म्हणून गेली वीस वर्षं नांदत होती.

आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. वय अठ्ठ्याऐंशी. डोक्याला रुमाल, हातात सुरी, जिभेला दोन्हीकडून धार.

“त्या होडीला हात लावू नकोस, मॅलकी.”

“आई, बाबांच्या स्मरणार्थ आहे.”

“कोंबड्या अंड्यांवर आहेत. त्यांना काय सांगू? इतिहास आलाय, उठा?”

“मी नवं खुराडं बांधतो.”

“तू?” ती म्हणाली. फक्त ‘तू’. आयांना एका अक्षरात माणूस मोजता येतो. “ज्याला मेलेलं माणूस विसरता येत नाही त्याने निदान जिवंत कोंबडीचा तरी विचार करावा.”

पण मी ऐकलं नाही. कोंबड्या आठवडाभर बैठकीच्या खोलीत राहिल्या. त्यातली एक माझ्या वाचायच्या खुर्चीत अंडं घालून माझ्याकडे अशी बघायची की मीच तिचा पाहुणा आहे.

होडी उताणी केली तर आतून निघाली वीस वर्षांची विष्ठा आणि दोन हर्लिंगचे चेंडू. घासली, धुतली, पुन्हा पालथी घालून फटींत डांबर भरलं. रंगाचा डबा उघडला मात्र, कुंपणावर गाव उगवलं. डनकॅरनमध्ये कुणी मदतीला येत नाही, पण सल्ला द्यायला कुणी मागे राहत नाही. एक म्हणे हिरवी रंगवा, वारसा आहे. दुसरा म्हणे हिरवी होडी? समुद्र तिला आपलीच समजून ठेवून घेईल. तिसरा म्हणाला, जांभळी-पिवळी, आपल्या हर्लिंग संघासारखी. आणि लार स्कॅलन, जो पन्नास वर्षं मासे पकडतो आणि आमच्या कोळ्यांचा म्होरक्या समजला जातो, तो कुंपणावर कोपर टेकून तासभर काही बोललाच नाही. शेवटी म्हणाला, “मास्तर, रंग कुठलाही द्या. पण होडी पालथी आहे आणि तुम्ही बुडच रंगवताय, एवढंच.”

मी तिला सुलटी केली आणि पुन्हा सुरुवात केली.

मग कळलं की होडी संग्रहालयाच्या दारातून आत जात नाही. चार बोटं जास्त रुंद. दार काढावं म्हटलं तर ते संरक्षित दार. त्याचा वेगळा अर्ज, मुदत आठ आठवडे. आमच्याकडे तीन. होडी तिरकी घालून बघितली. कन्सेप्टाबाईंनी तर, “थोडी कापून घेतली तर?” असंही विचारलं, आणि तो विचार मला दोन रात्री पडला, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मी परिषदेच्या कचेरीत फोन केला. वारसा अधिकारी म्हणून सॉर्हा टुही नावाची कुणी तरुण मुलगी होती, आवाज झऱ्यासारखा. “सिनॉट सर,” ती म्हणाली, “आत जात नसेल तर बाहेर काढा ना! पाण्यात घाला. तुमच्या वडिलांचा प्रसंग पुन्हा करून दाखवा. याहून जिवंत वारसा कुठला? होडी पाण्याला लागली की लगेच पाटीवरचा पडदा काढू.”

“आणि नाही लागली तर?”

“तर नियमाप्रमाणे पाटी मला परत न्यावी लागेल,” झरा म्हणाला.

अशा रीतीने, एक होडी दारातून आत जाईना म्हणून, मी समुद्रात जाणार हे ठरलं. वडिलांची भूमिका कोण करणार यावर समितीत चर्चा झाली नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी ‘छे छे, मी कसला’ असं तीनदा म्हणालो. आणि आमच्या रीतीप्रमाणे ते होकारातच मोजलं गेलं.

मग सुरक्षेचा अर्ज आला. ‘होडी पाण्याच्या जवळ जाण्याचा संभव आहे काय?’ मी लिहिलं: आशा आहे. अर्ज परत आला. ‘आशा’ हा पर्याय उपलब्ध नाही. ‘वाचवल्या जाणाऱ्या खलाशांच्या वैद्यकीय स्थितीचा तपशील द्या.’ खलाशी म्हणून आम्ही गव्हाच्या पेंढ्याची तीन बुजगावणी केली होती. मी ‘स्थिर’ असं लिहिलं. ते मंजूर झालं.

वल्ही मारण्याचा सराव मी बैठकीच्या खोलीत, दोन झाडू घेऊन, कोंबड्यांसमोर करत असे. आई दारात उभी राहून बघायची.

“पाठीतून ओढ, पाठीतून,” ती एकदा म्हणाली. “हाताने काय ताक घुसळतोयस?”

“तुला काय ठाऊक, आई?”

“मला काय ठाऊक असणार,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली.

त्या संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, “मॅलकी, पाटी नको करूस. पीटरला आवडलं नसतं.”

“बाबा विनयी होते, आई.”

“विनयी!” ती म्हणाली. ओठ असे मिटले जशी शिंपली मिटते, आणि शिंपली मिटली की तिच्याशी भांडण्यात अर्थ नसतो.

वारसा दिन उजाडला तो लोणी फासल्यासारखा. समुद्र गुळगुळीत, रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी आणि नव्या बटाट्यांच्या टपऱ्या, धक्क्यावर मुलींचा नाच, सॉसेज तळल्याचा वास. भरतीचं पाणी उतारावर दुपारी बारापर्यंतच टिकणार होतं. त्यानंतर बंदराच्या उतारावर नुसता चिखल उरतो आणि होडी काय, बदकही तरंगत नाही.

साडेअकराला लार स्कॅलन आणि त्याचे पाच कोळी होडी खांद्यावर घेऊन आमच्या गल्लीतून निघाले. पुढे मी, वडिलांसारखा पिवळा रेनकोट घालून. उन्हात त्यातून वाफ निघत होती. मागे तीन बुजगावणी हातगाडीवर. आई येणार नाही म्हणाली होती, पण कन्सेप्टाबाईंच्या गाडीत पुढच्या सीटवर स्ट्रॉबेरीचा वाडगा मांडीवर घेऊन बसलेली मला दिसली. लोक टाळ्या वाजवत होते. एक म्हातारा म्हणाला, “हुबेहूब पीटर!” वाटलं, याचसाठी माणूस खुराडी उपसतो.

आणि गल्ली धक्क्याला मिळते त्या वळणावर, हातात फीत धरून, स्वागताला सॉर्हा टुही उभी होती.

आवाज झऱ्यासारखा होता, पण केस! भट्टीतल्या निखाऱ्यासारखे, खांद्यावरून कमरेपर्यंत, उन्हात पेटलेले. पर्यटन खात्याच्या प्रत्येक पोस्टरवर असते ती आयरिश कन्या, साक्षात. तिने हसून हात हलवला.

सहा खांदे एकाच वेळी थांबले. लारने डोळे मिटले. मग कुणी आज्ञा न देता, चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकतात तितक्या एकमताने, सहाही जणांनी होडी रस्त्यावर ठेवली.

“लार,” मी म्हणालो, “काय झालं?”

“काही नाही, मास्तर. घरी जातो.”

“घरी? बाराला वीस मिनिटं आहेत!”

“होडीकडे जाताना लाल केसांची बाई समोर आली की माझे आजोबा परत फिरायचे. माझा बाप परत फिरायचा.”

“अरे, तू यावर विश्वास ठेवतोस?”

“छे,” लार म्हणाला. “अजिबात नाही. पण जे ठेवतात त्यांना कशाला दुखवा?”

“कोण ठेवतं?”

सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाचं म्हणणं होतं की आपण नाही, शेजारचा.

सॉर्हा धावत आली, आणि सगळे दोन पावलं मागे सरकले. “माझ्यामुळे?” ती म्हणाली. “माझ्या केसांमुळे? दादा, मी टोपी घालते! मी गाडीत बसते!”

“आता दिसलीस ना, पोरी,” लार खरोखरच हळहळत म्हणाला. “दिसलेलं परत न दिसलेलं कसं करणार? तुझा काही दोष नाही. केस फार सुंदर आहेत.”

“पण हे… हे तर…” बिचारीला रडू आवरेना. “वारसा दिनाला असं कोण करतं?”

“मॅडम,” कन्सेप्टाबाई म्हणाल्या, “जिवंत वारसा तुम्हालाच हवा होता. हा बघा, चांगला लाथा झाडतोय.”

मी काय काय केलं नाही! होडी उजवीकडून सूर्याच्या दिशेने तीनदा फिरवू म्हटलं. फादरना बोलावून पवित्र पाणी शिंपडलं. पाणी सगळं माझ्यावर उडालं. लारला म्हणालो, तुम्ही समुद्रावर कुठे जाताय, उतारापर्यंतच तर न्यायची आहे. तो म्हणाला, “होडीला कुठे ठाऊक आहे ते?” मी एकटाच टोक धरून ओढू लागलो. होडी वीतभर हलली, मी हातभर. खरचटलेल्या हाताने, वाफाळलेल्या रेनकोटात, मी रस्त्याच्या मधोमध बसलो. माझे जुने विद्यार्थी फोनवर फोटो काढत होते. घड्याळात बाराला नऊ. पलीकडे भिंतीवर निळ्या पडद्याआड माझ्या बापाचं नाव, आणि मी त्याला उजेड दाखवू शकत नव्हतो.

“लार,” मी म्हणालो, आवाज फुटलाच, “माझ्या वडिलांच्या नावासाठी. तुझा बाप त्यांच्याबरोबर मासे पकडायला जात होता.”

लारने टोपी काढली. “म्हणूनच, मास्तर. त्या होडीने तीन जीव वाचवले. कधी अपशकुन झाला नाही तिला. आज माझ्या हातून नको.”

तेव्हा गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उतरली. स्ट्रॉबेरीचा वाडगा तिने फादरच्या हातात दिला, जणू ते खुंटीच आहेत, आणि काठी टेकत होडीपाशी आली.

“लार स्कॅलन,” ती म्हणाली, “माझे केस कसले आहेत?”

“पांढरे, फिलोमिनाबाई.”

“त्याआधी?”

लार विचारात पडला. “त्याआधी… रुमाल.”

रुमालाखाली काय होतं ते घरात आम्हाला ठाऊक होतं, अर्थात. मासेमाराच्या घरात ही गोष्ट बाहेर बोलायची नसते एवढंच. लग्न होऊन नदीकाठच्या गावातून ती इथे आली तेव्हा आजीने दारातच तिच्या डोक्याला रुमाल बांधला होता. गावातल्या बायकांनाही ठाऊक असणार. पण बायका काय सगळंच नवऱ्यांना सांगतात? मला ठाऊक होतं आणि तरीही, शपथेवर सांगतो, छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या या डोक्यात त्या क्षणापर्यंत काहीच आलं नव्हतं.

“या पोरीपेक्षा लाल होते,” आई म्हणाली. “आणि या होडीत बसले होते.”

नाचणाऱ्या मुलींचं संगीत कुणीतरी बंद केलं.

“पीटर त्या दिवशी अंथरुणात होता. मॅलकीला गोवर झाला, मॅलकीने तो बापाला दिला. तुझीही कामगिरी आहे हो या इतिहासात, मास्तर.” तिने माझ्याकडे बघितलं. “पीटरला डोळे उघडवेनात. खिडकीतून त्या माणसांचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि धक्क्यावरून तुमच्या बापांची चर्चा. मी त्याचा कोट घातला, टोपी घातली. मी स्लेनी नदीकाठची. चालायच्या आधी वल्हं धरलं मी. जाऊन आले. एवढंच.”

“आई,” मी म्हणालो, “मग बोलली का नाहीस?”

“कुणाला सांगायचं? लाल केसांची बाई बसलेल्या होडीत कुणी पाय ठेवला असता? पीटरबरोबर कुणी समुद्रावर गेलं असतं? घरात चार पोरं होती.” ती लारकडे वळली. “तुझा बाप बारा वर्षं त्या होडीत बसला, लार. पोटभर मासे आणले. कधी बुडाला?”

लारच्या हातातली टोपी चुरगळत होती. “नाही, फिलोमिनाबाई.”

“मग उचला.”

सहा खांदे वाकले. होडी उचलली गेली, सॉर्हाच्या समोरून गेली, आणि उतारावरून पाण्यात शिरताना असा आवाज आला जसा तहानलेलं जनावर पहिला घोट घेतं. मी रेनकोट सावरत पुढे झालो. आईने काठी आडवी धरली.

“तू नको. तुला मळमळतं.”

“आई, तू अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहेस.”

“ठाऊक आहे.” तिने काठी माझ्या हातात दिली आणि लारच्या दंडाला धरून होडीच्या काठावर एक पाय टाकला. मग थांबली. पाण्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, जणू एवढं एकच पाप तिला कबूल करायचं होतं:

“तुम्हा पोरांना सांगत आले की मला समुद्राची भीती वाटते, म्हणून बंदरावर येत नाही. खोटं होतं ते. पाणी बघितलं की हात शिवशिवायचे. मला फार आवडलं होतं रे त्या दिवशी, मॅलकी. फार.”